सुपात आणलेली अंडी

आमच्या घरी पक्ष्यांचे फोटो पाहायला बसवलेला पाहुणा पुन्हा लवकर फिरकत नाही, आणि त्यात पाहुण्याचा काही दोष नाही. हे अमरावतीच्या सरकारी शाळेत सायन्स शिकवतात आणि उरलेला सगळा वेळ तिपाईवरच्या कॅमेऱ्यामागे काळ्या फडक्यात डोकं खुपसून उभे राहतात. वडाळीच्या तलावाच्या काठी आमचे किती रविवार गेले ते विचारू नका. घरी आलं की मागच्या खोलीत अंधार करून फोटो धुवायचे, दोरीवर वाळत घालायचे आणि मग आल्यागेल्याला दाखवायचे.

"हा बघा बगळा."

"कुठे?"

"हा काय, पाण्याच्या कडेला."

पाहुणा चष्मा पुसतो, फोटो उजेडाकडे धरतो आणि शेवटी भिडेखातर "हो हो, दिसला" म्हणतो. मला आजवर त्यातला एकही बगळा दिसलेला नाही. मोहरीएवढा ठिपका दिसतो, तो बगळा असेल असं मी धरून चालते. "आणखी जवळ जायला हवं," असं हे दर खेपेला म्हणतात. पण ते बगळ्याला मान्य नसतं.

यंदा चैत्रात आम्ही बार्शीटाकळीकडे गेलो ते या ठिपक्यांपायीच. आमच्या दारावर भाजी घेऊन येणारी मैनाबाई एकदा दोरीवरचे फोटो निरखत उभी राहिली आणि म्हणाली, "याच्यात पायाचं का जी? माया भावाच्या मळ्यात चला. गंज पाखरं हायेत तिथं. अन् मानसाले भेत बी नाईत." वऱ्हाडात गंज म्हणजे पुष्कळ. हे टोपली उतरवायला पुढे झाले, एवढा त्यांना आनंद झाला. नागपूरहून आलेले तपासणीचे साहेब नुकतेच शाळा पाहून गेले होते, पाडव्याला जोडून सुटी होती, आणि मैनाबाईनं भावाला निरोप धाडला. माझी परवानगी कोणी विचारली नाही. मला कॅमेऱ्यावर छत्री धरायची असते, तेवढ्यापुरती मी प्रवासात लागते.

अकोल्यापासून पुढे

बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याला पोचेपर्यंत सांगण्याजोगं एवढंच घडलं, की डब्यातल्या एका गृहस्थांनी आमची कापडात गुंडाळलेली तिपाई बंदूक समजून आपली मुलं पलीकडच्या बाकावर नेऊन बसवली. अकोल्याला एका ओळखीच्या घरी मुक्काम केला. सकाळी मैनाबाईच्या भावाचा मुलगा नामदेव दमणी घेऊन दारात हजर झाला. दमणी म्हणजे माणसं न्यायची हलकी बैलगाडी. तिच्यात त्यानं कडबा अंथरून वर घोंगडी घातली होती.

माझं माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्याकडचं. तिकडे कुठंही पाहा, डोंगर आडवा येतो. इथे काळी जमीन सपाट पसरत जाते आणि नजर एकदा सोडली की परत यायचं नाव घेत नाही. कापूस वेचून झालेला, त्याची वाळकी झाडं म्हणजे पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, जमिनीला हात जाईल एवढाल्या भेगा. मधूनच एखादा पळस शेवटची फुलं धरून उभा, आणि कडुनिंबांच्या मोहोराचा वास तर सबंध रस्ताभर होता. मी अमरावतीला आल्यापासून या उन्हाळ्याला नावं ठेवत आले आहे, पण चैत्रातली इथली सकाळ सुंदर असते हे मला कबूल करावंच लागेल.

हे दर शंभर पावलांवर दमणी थांबवत होते. तारेवर वेडे राघू बसलेले दिसले, थांबवा. बाभळीवर तास पक्षी दिसला, थांबवा. तो तास उडाला आणि त्याच्या पंखांतला निळा रंग असा काही उघडला की मीही "अगंबाई!" म्हणाले. फोटो अर्थातच मिळाला नाही. नामदेवनं बराच वेळ कळ काढली आणि मग मागे वळून विचारलं,

"मारनार नाई, खानार नाई, पाळनार बी नाई. मंग पायता काहून जी?"

ह्यांनी त्याला पक्ष्यांची शास्त्रीय माहिती सांगायला सुरुवात केली ती पुढचं गाव येईपर्यंत संपली नाही. नामदेवनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे छंद हाये."

"हो, छंदच म्हणायचा."

"मंग असं सांगा ना," म्हणून त्यानं बैल हाकले.

किसनबुवांचा मळा

किसनबुवा म्हणजे मैनाबाईचे थोरले भाऊ. माळी माणूस. विहिरीच्या पाण्यावर वांगी, मिरची, कांदे आणि झेंडू. मळ्याला लागून कापसाचं काळं वावर. मधे आंब्याची चार झाडं आणि त्यांच्या सावलीत घर. घरात बुवा, त्यांची बायको ठकूबाई, नामदेव आणि नामदेवची बायको चंद्रभागा. चंद्रभागेला सातवा महिना होता.

जेवायला रोडगे होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून फोडायचे आणि आत तुपाची धार सोडायची. सोबत वरण आणि मळ्यातल्या वांग्यांची झणझणीत भाजी. (सातारला सासूबाईंना मी कुठे जेवले हे कळलं तर माझं काही खरं नाही. त्या वाचत नाहीत, हे एक बरं आहे.) आमच्याकडे दोनदा "पुरे" म्हटलं की वाढणारा थांबतो. इथे तुम्ही "पुरे" म्हणेपर्यंत वाढणं सुरूच झालेलं नसतं. मी दुसऱ्या रोडग्याला हात आडवा धरला तर ठकूबाई म्हणाल्या, "हे का खानं झालं बाई? चिमनी तरी याच्यापेक्षा जास्त खाते." असं तोंडावर बोलणं मला पहिल्या वर्षी फार लागायचं. आता त्यातली माया ओळखता येते.

जेवण झाल्यावर बुवा आम्हाला वावरात घेऊन गेले. सगळं वावर वखरून झालं होतं, फक्त मधोमध एक पट्टी तशीच राखलेली होती. आम्ही जवळ जातो तोच एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली, मागून दुसरी. पट्टीत, उघड्या ढेकळांत, चार अंडी होती. मातीच्याच रंगाची, काळसर शिंतोडे उडालेली, टोकं आत करून ठेवलेली. बुवांनी काठीनं दाखवली तरी मला ती ओळखायला वेळ लागला.

"टिटवीनं अंडे घातले का त्या पट्टीत वखर नाई चालत," बुवा म्हणाले. "पिल्लं आपल्या पायानं बाहेर गेली का मंग वखर."

हे तर हरखूनच गेले. पक्षी अंड्यांवर बसणार म्हणजे जागेवरून हलणार नाही, म्हणजे ठिपका मोठा व्हायची पहिल्यांदाच संधी. नामदेवनं बांधावरच्या पऱ्हाट्या आणून माणूस मावेल एवढी खोप केली आणि ती थोडी थोडी पुढे सरकवत पट्टीजवळ नेऊन ठेवली. संध्याकाळपर्यंत टिटवी खोपीकडे दुर्लक्ष करून अंड्यांवर बसू लागली.

मी मात्र चुलीपाशी होते, आणि तिथे ठकूबाईंनी मला हलक्या आवाजात जे सांगितलं ते ह्यांना खोपीत बसून कळणार नव्हतं. चंद्रभागेचं पहिलं पोट मागच्या साली पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्यानंतर ती कित्येक दिवस कोणाशी बोलली नव्हती. "औंदा टिटवी आपल्याच वावरात बसली," ठकूबाई म्हणाल्या. "तिचं नीट झालं का हिचंबी नीट होते. पोरगी रोज सकाळी दुरून पाहून येते. बसली हाये म्हनते, अन् मंग दोन घास खाते."

मी शकुन-अपशकुन मानत नाही, निदान ह्यांच्यासमोर तरी मानत नाही. पण दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर मी चंद्रभागेला विचारलं, "बसली आहे ना?" ती हसून "हाव" म्हणाली. तेव्हा मलाही बरं वाटलं.

आदल्या दिवशी हे दुपारभर उन्हात बसून भाजून निघाले होते, ते पाहून बुवांचा जीव वरखाली होत होता. पाहुणा उन्हात आणि आपण आंब्याखाली, हे त्यांना कसंतरीच वाटत होतं. त्यात रात्री जेवताना हे बोलून गेले, "उजेड फार कडक पडतो हो तिथे. तीच टिटवी आंब्याखाली असती तर काय बहार झाली असती!" बुवा घास घेता घेता थांबले, एवढंच मी पाहिलं.

सूप

दुसऱ्या दिवशी त्याच सकाळी आम्ही आंब्याखाली बाजेवर गुळाचा चहा पीत बसलो होतो. हे कॅमेरा पुसत होते. बुवा वावरातून आले, दोन्ही हातांत सूप, त्यावर धोतराचं फडकं झाकलेलं, आणि चेहऱ्यावर लग्नाचं आमंत्रण घेऊन आल्यासारखा आनंद. सूप त्यांनी ह्यांच्या पुढ्यात ठेवलं.

"घ्या मास्तर. आता बसा सावलीत अन् काढा किती काढायचे ते फोटो."

फडकं उचललं. सुपात हातभर मातीचा गड्डा होता आणि गड्ड्यावर चार अंडी, टोकं आत करून, जशीच्या तशी.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला आणि वावराकडे पाहिलं.

"हात नाई लावला जी," बुवा म्हणाले, पण आता जरा चाचरत. "फावड्यानं मातीसकट उचलले. वांग्याचं रोप नाई का आपन मातीसकट उचलत? कोमेजते का ते?"

आयुष्यभर रोपं एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात लावलेला माणूस तो. मुळाला माती राहिली की रोपाला काही होत नाही, तसं अंड्यांनाही होणार नाही, आणि अंडी जिथे जातील तिथे आई येईलच, असा त्यांचा सरळ हिशेब होता. पाहुण्यासाठी त्यांनी आपल्या घरातली सगळ्यात जपलेली गोष्ट उचलून आणली होती.

ठकूबाई चुलीपासून बाहेर आल्या. त्यांनी सूप पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "आवं, का केलं हे! सुपात घालून आनले! आता टिटवी येईन का परत?" त्यांचा आवाज ऐकून चंद्रभागा दारात आली. ती चौकटीला धरून हळूच खाली बसली आणि सुपाकडे पाहत राहिली. ठकूबाईंचं ओरडणं परवडलं, पण चंद्रभागेचं ते गप्प बसणं मला बघवेना.

"परत ठेवा," मी म्हणाले. "अहो, आधी परत ठेवा!"

आम्ही सगळे वावरात धावलो. जागा शोधावी लागली नाही. दोन्ही टिटव्या त्या खड्ड्यावर घिरट्या घालत आक्रोश करत होत्या. बुवांनी गुडघे टेकून गड्डा खड्ड्यात असा बसवला, की सांधा कुठे आहे ते दिसेना.  काम झाल्यावर सवयीनं त्यांनी रोपाला पाणी घालायला बाजूला हात केला, तेव्हा नामदेव रडकुंडीला येऊन म्हणाला, "बाबा, पानी नोको!" एरवी आम्ही सगळे पोट धरून हसलो असतो.

"परत बसेल ना?" मी ह्यांना बाजूला घेऊन विचारलं.

"बसेलही," हे म्हणाले. "नाहीही बसायची. पुस्तकात दोन्ही लिहिलंय."

पऱ्हाटीची खोप

टिटवी अंड्यांवर बसली की नाही हे आंब्याखालून नीट दिसत नव्हतं. ते फक्त खोपीतून दिसायचं. हे निघाले तोच चंद्रभागा उठून उभी राहिली. "मीच पायतो," ती म्हणाली. वऱ्हाडात बायकाही 'जातो, करतो' म्हणतात. ठकूबाईंनी उन्हाचं सांगितलं, पोटाचं सांगितलं. चंद्रभागा ऐकेना. "मले अठी बसून जास्त त्रास होईन, आत्याबाई," एवढंच म्हणाली. सासूचं न ऐकण्याची तिची ती पहिलीच वेळ असावी, कारण ठकूबाई बघतच राहिल्या. आता त्या एवढ्याशा खोपीत दुसऱ्याच्या सुनेशेजारी हे काही बसू शकत नव्हते. म्हणजे राहिले मी.

ज्या कॅमेऱ्याला मला धूळ पुसायलाही हात लावू दिला नव्हता, त्याची तार ह्यांनी माझ्या हातात दिली. "ती बसली, तरच हे बटण दाब. आणि हलू नकोस." मग आम्ही सगळेच गलका करत खोपीपर्यंत गेलो, आम्ही दोघी आत शिरलो आणि बाकीचे तसाच गलका करत परत गेले. पक्ष्याला वाटतं आलेले सगळे गेले, ही ह्यांची युक्ती. टिटवीला मोजता येत नाही यावर माझी सगळी भिस्त होती.

आत उकडत होतं. पऱ्हाट्यांच्या काटक्या टोचत होत्या. चंद्रभागेनं पाण्याचा तांब्या आणला होता, त्यातून आम्ही आळीपाळीनं घोट घेतला. तिनं माझा उजवा हात घट्ट धरून ठेवला होता.

टिटवी आली. दूर उतरली, चार पावलं चालली, मान वर करून थांबली. परत गेली. पुन्हा आली, आणि अंड्यांपासून चांगल्या सात-आठ हात अंतरावर, साध्या ढेकळांत, अंडी पोटाखाली घ्यावीत तशी बसली. तिथे काहीच नव्हतं.

"जागा भुलली," चंद्रभागा कुजबुजली. "बाई, तिले समजून नाई राह्यलं."

"समजेल. थांब."

"मले बी वाटे तवा. पोटात हाये अजून, असं. गंज दिवस वाटे."

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आवाज होऊ नये म्हणून ती ते पुसतही नव्हती.  मी तार मांडीवर ठेवली, तिच्या पाठीवरून डावा हात फिरवत राहिले आणि मनातल्या मनात सातारच्या घरच्या देवांपासून ते इथल्या अनोळखी देवांपर्यंत सगळ्यांना एकेकदा हाक मारली. मी मघाशी शकुनाबद्दल काय म्हणाले होते ते वाचकांनी कृपा करून विसरावं.

टिटवी उठली आणि ओढ्याकडे उडून गेली. तिथे आता कोणीच नव्हतं. ऊन उघड्या अंड्यांवर पडत होतं. आता सगळं संपलं असं वाटून मी मांडीवरची तारसुद्धा खाली ठेवली.

आणि ती परत आली. या वेळी उतरली तीच पट्टीच्या कडेला, तापलेल्या अंड्यांसाठी ओढ्यात भिजवलेली पोटाची पिसं, थेंब गळताहेत. पिवळ्या पायांवर तुरुतुरु धावत सरळ अंड्यांपाशी गेली. चोचीनं एक अंडं किंचित फिरवलं. त्या सांध्याजवळची माती तिनं एकदा पाहिली. मग पिसं फुलवली, दोनदा डावीकडे-उजवीकडे हलली, आणि बसली.

"बसली!" चंद्रभागेनं माझा हात सोडून समोर बोट केलं. मी दुसऱ्या हातानं चाचपडत बटण दाबलं. खट् झालं. टिटवीनं आमच्याकडे मान वळवली, उठली मात्र नाही.

मग चंद्रभागा तोंडात पदर कोंबून हसायला लागली. मीही हसले, आणि हसता हसता दोघीही रडलो. अंग असं हलकं झालं होतं की काटक्या टोचल्याचंही काही वाटेना.

मळ्यात परतलो तेव्हा बुवा कुठे दिसेनात. गोठ्यात गाईच्या आड बसले होते, सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. चंद्रभागेनं स्वतः जाऊन "मामंजी, बसली," म्हटलं, तेव्हा ते बाहेर आले. ठकूबाईंनी त्यांना ताटावर बसवलं आणि चार दिवस पुरेल एवढं ऐकवलं. "उद्या पाहुन्याले विहीर आवडली तं विहीर आनजा सुपात!" बुवा मान खाली घालून खात होते आणि हळूच हसत होते. त्या दुपारी ठकूबाईंनी वाढलेलं सगळं मी खाल्लं. एकदाही हात आडवा धरला नाही.

परत अमरावती

निघताना मी ठकूबाईंना म्हणाले की काय होईल ते मैनाबाईच्या हाती कळवा. घरी आल्याबरोबर फोटो धुतला. दोरीवरून काढताना हे एकदम ओरडले. टिटवी मोठी, अगदी डोळ्याभोवतीच्या कड्यासकट स्वच्छ आली होती. ह्यांच्या सगळ्या फोटोंत ही पहिली, जी शोधावी लागत नाही. फक्त डाव्या कोपऱ्यात चंद्रभागेचा पुढे केलेला हात आला होता, मनगटावर बांगड्या, जरा पुसट.

"एवढी कड कापून टाकली की झालं," हे म्हणाले. मी म्हटलं, राहू द्या. त्यावरून आमचं बरेच दिवस धुमसत राहिलं. फोटो मी काढला होता, हे मी अधूनमधून त्यांच्या लक्षात आणून देत होते.

ज्येष्ठात, आभाळ भरून यायला लागलं तेव्हा मैनाबाई भावाकडे जाऊन आली. टोपली उतरवून तिनं पदरानं वारा घेतला आणि पहिलं वाक्य बोलली ते हे, "दादानं त्या पट्टीत वखर घातला."

 "काहून?" वऱ्हाडी शब्द माझ्या तोंडून आपोआपच निघाला.

"काहून म्हंजे? पिल्लं गेली ना जी आपल्या पायानं. सारी गेली." मैनाबाईनं वांगी निवडायला घेतली. "अन् चंद्रभागा तिच्या माहेरी मोकळी झाली. पोरगी झाली. दोघी चांगल्या हायेत. दादा पोरीले पाहून आला, घेऊन बी बसला. वहिनी म्हने, जपून धरा, हे वांगं नोहे."

मी तिथंच पायरीवर बसले. मग आत जाऊन फोटो आणला आणि तिच्या हातात दिला. हेही कात्री घेऊन मागोमाग आले होते. देण्याआधी कड कापू, म्हणत.

मैनाबाईनं फोटो उजेडाकडे धरला. टिटवीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. तिचं बोट सरळ कोपऱ्यात गेलं.

"हे आमची चंद्रभागा," ती म्हणाली. "या बांगड्या मीच भरल्या तिले, पाडव्याच्या आधी."

ह्यांनी फोटो परत मागितला नाही. कात्री तेवढी आत नेऊन ठेवली.